वाचकांचे प्रश्न : घरी जोडलेला पीसी सुरूच होत नाही

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांचं दुखणं एकच आहे. सुटे भाग आणले, घरीच जोडले, बटण दाबलं आणि पीसी सुरू झाला नाही. म्हणून हा भाग पूर्णपणे त्याच तक्रारींना दिला आहे. अनेकांनी भागांची यादी किमतीसकट कळवली आहे, पण पीसी नेमका कुठपर्यंत येऊन अडतो ते लिहिलेलं नाही. निदान मात्र त्यावरूनच होतं. सुरू होण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्याचा, ५ व्होल्टचा राखीव पुरवठा, मग बटणाचा इशारा, मग मुख्य पुरवठा, त्यानंतर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि शेवटी डिस्क. जिथे अडलं त्याच्या पुढचा भाग बदलण्यात पैसे घालवू नका.

प्रश्न : पहिल्यांदाच पीसी जोडला आहे. बाराव्या पिढीचा आय ५, बी ६६० मदरबोर्ड, ५५० वॅटचा एसएमपीएस. बटण दाबल्यावर काहीच होत नाही. पंखा हलत नाही, दिवा लागत नाही. दुकानदार म्हणतो, बोर्ड घेऊन या. त्याआधी घरी काय तपासता येईल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पंखासुद्धा हलत नसेल तर रॅमवर किंवा डिस्कवर संशय घेऊ नका. रॅम लावलेलीच नसली तरी पंखा फिरतो. तुमचा दोष भिंतीतल्या प्लगपासून कॅबिनेटच्या पॉवर बटणापर्यंतच्या वाटेवर कुठेतरी आहे, आणि ही वाट घरी तपासता येते.

एसएमपीएसच्या मागचा खटका उभ्या रेघेच्या बाजूला दाबलेला हवा; शून्य म्हणजे बंद. पीसी एक्स्टेन्शन बोर्डावर असेल तर तिथून काढून थेट भिंतीत लावा. बऱ्याच मदरबोर्डांवर वीज पोचली की बटण न दाबताही एक छोटा दिवा लागतो. तो लागत असेल तर राखीव पुरवठा येतो आहे.

मग २४ पिनांचा मोठा कनेक्टर. तो नीट न बसणं ही नव्याने जोडणाऱ्यांची सगळ्यांत मोठी चूक. नव्या बोर्डावर तो इतका घट्ट जातो की बोर्ड वाकतोय असं वाटून आपण हात आखडता घेतो. एक टोक बसतं आणि दुसऱ्या टोकाला नखाएवढी फट राहते. वरून बघताना ती दिसत नाही. टॉर्च धरून आडव्या नजरेने बघा. कडेची पकड सॉकेटवरच्या दातावर अडकून ‘टक्’ असा आवाज यायला हवा. त्या कडेला बोर्डाखाली सहसा स्क्रूचा आधार नसतो, म्हणून खालून बोटं लावून मगच वरून दाबा. प्रोसेसरजवळचा ८ पिनांचा कनेक्टरही याच पद्धतीने बघा. तो ४ + ४ असा दुभंगणारा असतो. ग्राफिक्स कार्डाचा ६ + २ असा असतो. दोन्ही दिसायला सारखेच, पण त्यांतल्या १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात. खाचांमुळे एक दुसऱ्याच्या जागी सहज जात नाही. जात नसेल तर जोर लावू नका, केबल चुकीची आहे.

आता पुढच्या पॅनेलच्या बारीक तारा. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात दोन रांगांत ९ पिना असतात, दहावी जागा रिकामी. बहुतेक बोर्डांवर ६ आणि ८ या पिना पॉवर बटणाच्या, ५ आणि ७ रिसेटच्या. तुमच्या बोर्डाच्या मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून घ्या. बटणाच्या तारा उलटसुलट लागल्या तरी चालतं, दिव्यांच्या तारांना मात्र अधिक-उणे असतं. या तारा काढून ठेवा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ६ आणि ८ या पिना क्षणभर एकमेकींना टेकवा. पीसी सुरू झाला तर दोष कॅबिनेटच्या बटणात आहे. नवं बटण मिळेपर्यंत रिसेटची तार पॉवरच्या पिनांवर लावा, काम भागतं.

तरीही शांतता असेल तर एसएमपीएस एकटा तपासा. प्लग काढा आणि एसएमपीएसच्या सगळ्या केबल पीसीच्या भागांपासून सोडवा. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी तार एकच असते. तिच्या शेजारच्या काळ्या तारेच्या भोकाशी तिला पेपरक्लिपने जोडा आणि मगच प्लग लावून खटका चालू करा. पंखा फिरायला हवा. काही एसएमपीएसचा पंखा भार नसताना मुद्दाम बंद राहतो, म्हणून नुसत्या पंख्यावर विसंबू नका. मल्टिमीटर डीसीवर ठेवून काळ्या तारेच्या तुलनेत मोजा : पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७. जांभळी तार राखीव पुरवठ्याची. पेपरक्लिप नसतानाही, नुसता खटका चालू असताना तिच्यावर ५ व्होल्ट हवेतच. जांभळी शून्य असेल तर एसएमपीएस गेला, पुढे काही बघायची गरज नाही. हल्ली अनेक एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्या असतात. तिथे अंदाजाने पेपरक्लिप घालू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत एसएमपीएस टेस्टर मिळतो, तो वापरा. आणि एसएमपीएसचं पत्र्याचं आवरण कधीही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर भार राहू शकतो.

एवढं सगळं ठीक निघालं तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढा. मागच्या पत्र्यावर पितळी स्टँडऑफ असतात, त्यांवर बोर्ड बसतो. बोर्डाच्या भोकाखाली नसलेला एखादा जादा स्टँडऑफ राहून गेला तर तो बोर्डाच्या मागच्या टाक्यांना टेकतो आणि शॉर्ट होतो. बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, चकचकीत पिशवीवर नको. ती पिशवी बाहेरून थोडी वीज वाहू शकते. प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच पट्टी, २४ आणि ८ पिनांचे कनेक्टर, बास. डिस्क नको, पुढचे यूएसबी नकोत. तुमच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ नसेल तर ग्राफिक्स कार्डही नको. स्क्रू ड्रायव्हरने ६-८ टेकवा. खोक्यावर चालला आणि कॅबिनेटमध्ये चालला नाही, तर दोष बसवण्यात आहे. खोक्यावरही नाही चालला आणि एसएमपीएसचे आकडे बरोबर आले, तर बोर्ड दुकानात न्या आणि हे सगळं करून बघितल्याचं सांगा. पहिला अर्धा तास वाचेल.

प्रश्न : पंखे फिरतात, कॅबिनेटचे रंगीत दिवे लागतात, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. रॅमच्या दोन पट्ट्या आहेत, डीडीआर ५, प्रत्येकी १६ जीबी. दोन वेळा ३०-४० सेकंद थांबून बंद केला.
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : तिसऱ्यांदा सुरू करा आणि हात लावू नका. डीडीआर ५ रॅम पहिल्यांदा जोडली की बोर्ड तिच्याशी जुळवून घेतो, कोणत्या वेळेला कोणता सिग्नल वाचायचा हे पट्टीपट्टीनुसार ठरवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एएमडी कंपनीच्या एएम ५ सॉकेटच्या बोर्डांवर यात काही मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ पडदा काळाच असतो. मधे तो स्वतःहून एकदोनदा बंद होऊन परत सुरूही होतो. ४० सेकंदांनी बंद केला की ते काम पुन्हा पहिल्यापासून. घड्याळ लावून १५ मिनिटं थांबा. तुमच्या बाबतीत बहुधा एवढंच असेल.

१५ मिनिटांनीही काळाच असेल तर बोर्डाच्या कडेला, २४ पिनांच्या जवळपास, चार बारीक दिवे शोधा. त्यांच्याशेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी अक्षरं छापलेली असतात. पीसी सुरू होताना ते एकेक करून लागतात आणि विझतात. जो लागून तसाच राहतो, तिथे गाडी अडली. कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांना काही अर्थ नाही, या चारांना आहे. स्वस्त बोर्डांवर हे दिवे नसतात. तिथे ५०-६० रुपयांचा छोटा स्पीकर पॅनेलच्या पिनांशेजारी लावता येतो. तो बीप देतो. पण किती बीपचा काय अर्थ ते बायोसच्या, म्हणजे पीसी सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामच्या, कंपनीगणिक बदलतं, म्हणून मॅन्युअलमधलाच तक्ता बघा.

डीरॅमचा दिवा राहिला तर दोन्ही पट्ट्या काढा. एकच पट्टी प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. दोन लावायच्या तर दुसऱ्या आणि चौथ्या. हे कशासाठी? चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर तारा आधी जवळच्या स्लॉटला आणि तिथून पुढे लांबच्या स्लॉटला जातात. जवळच्यात पट्टी लावून लांबचा रिकामा ठेवला की तारेचं उरलेलं टोक लोंबतं राहतं, सिग्नल तिथे आपटून परत येतो आणि वेगवान रॅमला तो गोंधळ चालत नाही. पट्टी बसवताना दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा. ज्या स्लॉटना एकाच बाजूला खटका असतो तिथे दुसरं टोक अर्धवट राहिल्याचं कळत नाही. एक पट्टी चालली तर तीच काढून दुसरी त्याच स्लॉटमध्ये घाला. पट्टी खराब की स्लॉट, ते दहा मिनिटांत कळतं. पट्टी बदलली की पुन्हा ट्रेनिंग, म्हणजे पुन्हा थांबणं, हे विसरू नका.

व्हीजीएचा दिवा राहिला तर मॉनिटरची केबल कुठे लावली ते बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला, बोर्डाला नाही. कार्ड नसेल तर तुमच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का? इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल तर नाही. एएमडीच्या जुन्या एएम ४ सॉकेटवरच्या रायझन प्रोसेसरमध्ये नावात जी असेल तरच असतं. एएम ५ वर रायझन ७००० मालिकेत सहसा असतं, पण ७५०० एफ सारख्या एफवाल्यांत नसतं. अशा प्रोसेसरवर बोर्डाच्या एचडीएमआयमधून चित्र येणारच नाही, आणि भाग मात्र एकही खराब नसतो.

प्रश्न : जुना बी ४५० बोर्ड स्वस्तात मिळाला. त्यावर रायझन ५ ५६०० लावला. पंखे फिरतात, पुढे काही नाही. विकणारा म्हणतो बोर्ड चालू आहे, प्रोसेसरवाला म्हणतो प्रोसेसर नवाकोरा आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोघांचंही खरं असेल. बी ४५० बोर्ड २०१८ मधले, तुमचा प्रोसेसर २०२२ मधला. प्रोसेसर ओळखण्याची माहिती बोर्डाच्या बायोसमध्ये असते. बी ४५० बोर्डांना रायझन ५००० साठी बायोस मिळायला लागले ते साधारण २०२१ च्या सुरुवातीपासून. तुमच्या बोर्डावर त्याआधीचा बायोस असेल तर त्याला समोर कोण आलंय तेच कळत नाही. सॉकेट एकच असला म्हणजे सगळं जुळलं, असा समज करून घेऊ नका.

बोर्डाच्या मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघा. असेल तर प्रोसेसरशिवायही बायोस बदलता येतो. कंपनीच्या संकेतस्थळावर नेमक्या तुमच्या मॉडेलच्या पानावर जा. बोर्डाच्या कोपऱ्यात आवृत्ती छापलेली असते, तीही जुळली पाहिजे. एकाच नावाचे दोन आवृत्त्यांचे बोर्ड वेगळे बायोस मागतात. फाइल उतरवा, झिप उघडा, आतल्या फाइलला मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नाव द्या. हे नाव एका अक्षराने चुकलं तरी काम होत नाही. पेनड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा, ३२ जीबीपर्यंतचा साधा चालतो. तो मागच्या खुणेच्या यूएसबीतच लावा, शेजारच्यात नाही. २४ आणि ८ पिनांचे कनेक्टर जोडा, बटण तीन सेकंद दाबा. दिवा लुकलुकायला लागतो आणि पाच ते दहा मिनिटांनी थांबतो. लगेच विझला किंवा एकसारखा लागून राहिला तर फाइल किंवा पेनड्राइव्ह त्याने स्वीकारला नाही. बायोस बदलत असताना वीज जाता कामा नये, यूपीएस असेल तर त्यावर करा. काही बोर्डांना थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, मधली एक आवृत्ती घालावी लागते. पानावर आवृत्तीपुढे लिहिलेली टीप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बटण नसेल तर पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीचा रायझन कोणाकडून तासाभरासाठी मिळवा, त्यावर पीसी सुरू करून बायोस बदला. नाहीतर दुकानातून करून घ्या. बी ४५० ची बायोस चिप बहुतेक बोर्डांवर १६ एमबीची आहे. नव्या प्रोसेसरना जागा करण्यासाठी काही कंपन्यांनी सर्वांत जुन्यांचा आधार काढून टाकला, तेव्हा नवा बायोस घातल्यावर तो उसना प्रोसेसर परत चालेलच असं नाही. बदल झाल्यावर आधी ५६०० लावून खात्री करा. आणि ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, कार्ड लागेलच.

इंटेलवाल्यांनाही हेच लागू आहे. एच ६१० किंवा बी ६६० चा सुरुवातीचा बोर्ड आणि तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर, ही जोडीही बायोस बदलल्याशिवाय चालत नाही. एच ४१० आणि बी ४६० वर अकरावी पिढी सॉकेटमध्ये नीट बसते, पण बायोसनेही चालत नाही. तिथे बोर्डच बदलावा लागतो.

प्रश्न : पीसी दोन-तीन सेकंद सुरू होतो, बंद होतो, पुन्हा आपोआप सुरू होतो. असंच चालू राहतं.
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आधी पॉवर बटणाची तार काढून टाका आणि स्क्रू ड्रायव्हरने सुरू करा. बटण आत अडकलं असेल तर हीच लक्षणं दिसतात. मग प्रोसेसरचा ८ पिनांचा कनेक्टर बघा. मोठ्या कॅबिनेटमध्ये त्याची केबल वरच्या कोपऱ्यापर्यंत पुरत नाही, म्हणून तो ‘नंतर लावू’ म्हणून राहून जातो.

त्यानंतर कूलर. तळाच्या तांब्यावर किंवा ॲल्युमिनियमवर पारदर्शक प्लास्टिकची चिकटपट्टी असते, ती काढली होती का? कूलरच्या पंख्याची तार सीपीयू फॅन लिहिलेल्याच पिनांवर लावा; तिथे पंखा दिसला नाही तर काही बोर्ड पुढे जात नाहीत. इंटेलच्या खोक्यातल्या कूलरला दाबून बसवायच्या चार खुंट्या असतात. खुंटीच्या डोक्यावरचा बाण ही काढायची दिशा आहे. बसवण्याआधी चारही त्याच्या उलट फिरवून घ्या आणि समोरासमोरच्या जोडीने, कर्णाने दाबा. बोर्ड उलटा करून मागून बघा : पांढऱ्या दुभंगलेल्या टोकातून काळी काडी पूर्ण बाहेर आलेली दिसली पाहिजे. एक जरी अर्धवट असली तर कूलर एका कोपऱ्यात उचललेला राहतो, प्रोसेसर काही सेकंदांत तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी पीसी बंद करतो. कूलर काढला की जुनी थर्मल पेस्ट पुसून मटाराएवढी नवी लावा. जुन्या पेस्टवर तसाच बसवला तर हवेचे पोकळ डाग राहतात.

एक फरक लक्षात घ्या. एकदाच झटका देऊन बंद झाला आणि नंतर बटण दाबल्यावर काहीच होत नसेल, मागचा खटका बंद करून मिनिटभराने चालू केल्यावरच पुन्हा एक झटका देत असेल, तर तो शॉर्ट सर्किट आहे. एसएमपीएसने स्वतःला कुलूप घातलं आहे. अशा वेळी बोर्ड खोक्यावर काढून, एकेक भाग जोडत जा.

प्रश्न : नवा मॉड्युलर एसएमपीएस घेतला. केबल सगळ्या पुन्हा ओढायला नकोत म्हणून जुन्या एसएमपीएसच्याच डिस्कच्या केबल नव्याला लावल्या, बसल्याही. आता पीसी सुरूच होत नाही.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : प्लग लगेच काढा. मॉड्युलर केबलचं डिस्ककडचं टोक प्रमाणित असतं, एसएमपीएसकडचं नसतं. तिथे कोणत्या भोकात १२ व्होल्ट आणि कोणत्यात ५, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही ते बदलतं. कनेक्टर बसला म्हणजे केबल योग्य, असं मुळीच नाही. बहुधा डिस्कच्या ५ व्होल्टच्या तारेवर १२ गेले आहेत.

त्या केबल डिस्कच्या बाजूनेही काढून पीसी सुरू करून बघा. सुरू झाला तर बोर्ड वाचला. हार्डडिस्कच्या हिरव्या सर्किट पट्टीवर वीज आत येते तिथे संरक्षणाचे डायोड असतात. जादा व्होल्टेज आलं की ते स्वतः जळून शॉर्ट होतात, आणि त्यामुळेच एसएमपीएस सुरू होत नाही. बऱ्याचदा डायोड जळून बाकीची पट्टी वाचते आणि आतल्या तबकड्यांवरचा डेटा जसाच्या तसा असतो. त्यात घरातले फोटो, हिशेब असतील तर डिस्क पुन्हा पुन्हा लावून बघू नका, उघडू तर अजिबात नका. डेटा परत मिळवणाऱ्या माणसाला काय झालं ते खरं सांगून द्या. एसएसडीला असं संरक्षण असेलच असं नाही, तिची आशा कमी. जुन्या केबल आजच एका पिशवीत घालून वर जुन्या एसएमपीएसचं नाव लिहून ठेवा.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी घरी जोडलेला पीसी. पावसाळ्यात दोन महिने घर बंद होतं. आता पंखा फिरतो, डिस्प्ले नाही. एकदा आला तेव्हा तारीख चुकीची दाखवत होता.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर धरतो. प्लग काढा, कॅबिनेट उघडून एक दिवस पंख्याखाली ठेवा, मगच हात लावा. ओलसर बोर्डाला वीज दिली तर जे नुसतं मळलं होतं ते जळतं. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पांढऱ्या मऊ खोडरबराने एकाच दिशेने हलक्या हाताने पुसा. शाईचा खरखरीत रबर नको, तो सोन्याचा मुलामा खरवडतो. रबराचा चुरा मऊ ब्रशने झटका, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसून वाळू द्या. स्लॉटमध्ये रबर किंवा टोकदार काही घालू नका. हवा मारा, किंवा साफ केलेली पट्टी चार-पाच वेळा घालून काढा. ग्राफिक्स कार्डाच्या पट्टीलाही हेच करा. पंख्यावर हवा मारताना पाती बोटाने धरून ठेवा.

तारखेचा दोष बोर्डावरच्या गोल सेलचा, सीआर २०३२. मल्टिमीटरवर नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.७ च्या खाली असेल तर बदला. अधिकची बाजू वर. सेल संपल्यावर बायोसमधली जुळवणी पुसली जाते, म्हणून डिस्कचा क्रम पुन्हा लावावा लागेल. तारीखही नीट करा, नाहीतर ब्राउझर बँकेची संकेतस्थळं असुरक्षित म्हणून उघडणार नाही. सेल काढलाच आहे तर पाच मिनिटं तसाच राहू द्या, प्लग काढलेला असू द्या, म्हणजे जुनी जुळवणी पूर्ण पुसली जाते. रॅमचा वेग वाढवायला एक्सएमपी लावल्यापासून ज्यांचा पीसी सुरू होत नाही, त्यांनाही हाच उपाय.

प्रश्न : गावाकडे पीसीच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. शिवाय वीज गेल्यावर ६०० व्हीएच्या यूपीएसवर असूनही पीसी बंद पडतो.
— एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : झिणझिण्यांचं कारण अर्थिंग नसणं. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थ मिळाली नाही की कॅबिनेटचा पत्रा दोघांच्या मधोमध, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. त्यातून वाहणारा प्रवाह फार थोडा, पण टेस्टरचा दिवा लागतो. पण एसएमपीएसच्या आत खरोखरच फेज पत्र्याला टेकली, तर अर्थिंग नसल्याने फ्यूज उडत नाही आणि पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर येतात. म्हणून हे चालवून घेऊ नका.

मल्टिमीटर एसीच्या मोठ्या पट्ट्यावर ठेवून भिंतीतल्या प्लगमध्ये मोजा. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ भलतंच काही आलं तर भिंतीतली अर्थची तार कुठेही जोडलेली नाही. परवानाधारक वायरमनकडून खड्डा घेऊन खरं अर्थिंग करून घ्या. प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देण्याचा ‘जुगाड’ कोणी सुचवला तर त्याला हात लावू देऊ नका. कुठे न्यूट्रल तुटली की त्या क्षणी कॅबिनेटवर पूर्ण फेज येते. तोवर टीव्ही किंवा प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल दोन्हीकडचे प्लग काढूनच जोडा; असे तरंगते व्होल्ट एचडीएमआय पोर्टचं, पर्यायाने ग्राफिक्स कार्डाचं नुकसान करतात.

यूपीएसचं पाहायचं तर ६०० व्हीए म्हणजे सहसा ३६० वॅटच. ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी आणि मॉनिटर मिळून खेळ चालू असताना त्याच्या वर सहज जातात. आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की गुळगुळीत लाटेऐवजी पायऱ्यापायऱ्यांची लाट देतो. सक्रिय पीएफसी (भिंतीतून घेतलेला प्रवाह लाटेशी जुळवून घेणारं सर्किट) असलेल्या काही एसएमपीएसना ती मानवत नाही आणि ते त्याच क्षणी बंद पडतात. आधी नुसता डेस्कटॉप उघडा ठेवून यूपीएसचा प्लग काढून बघा. तेव्हा चालला आणि खेळ चालू असताना बंद पडला तर वॅट कमी पडतात. नुसत्या डेस्कटॉपवरही बंद पडला तर आधी यूपीएसची बॅटरी बदलून बघा, दोन-तीन वर्षांत ती उतरते. नवी बॅटरी घालूनही तेच झालं तर शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस घ्यावा लागेल.

प्रश्न : बायोस उघडतो, त्यात एम.२ एसएसडी दिसते, पण विंडोज टाकताना ‘ड्राइव्ह सापडत नाही’.
— ठाणे

उत्तर : अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल बोर्डांवर बायोसमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असेल तर असं होतं. अनेक डिस्क एकत्र जोडण्याची रेड ही पद्धत वापरायची नसेल तर ती बंद करा आणि मग विंडोज टाका. आधीच टाकलेल्या विंडोजवर मात्र ती बंद-चालू करू नका, ते उघडणार नाही. बायोसमध्येच एसएसडी दिसत नसती तर वेगळं : काही बोर्डांवर एम.२ चा स्लॉट फक्त एनव्हीएमई या वेगवान प्रकारची एसएसडी घेतो, जुन्या साटा प्रकारची एम.२ त्यात बसते पण चालत नाही.

प्रश्न : प्रोसेसर बसवताना सॉकेटमधल्या दोन पिना वाकल्या. सुईने सरळ करू का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : वॉरंटी मागायची असेल तर नको. पण वाकलेल्या पिनांचं नुकसान कंपन्या सहसा वॉरंटीत धरत नाहीत, म्हणून आधी सेवा केंद्राला फोटो पाठवून विचारा. त्यांनी नकार दिला तरच हात लावा. एलजीए १७०० सॉकेटमध्ये १७०० पिना असतात आणि त्या केसासारख्या पातळ. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून, उजेड तिरका पाडून बघा. सगळ्यांची टोकं एका ओळीत चमकतात, वाकलेली वेगळी चमकते. काडीवाल्या पेन्सिलीची रिकामी धातूची नळी पिनेवर अलगद बसवून, तिरकी झाली त्याच्या उलट दिशेला एकदाच, हळूच कलवा. पुढेमागे करत बसलात तर तुटते. दोनच पिना असतील आणि पीसी सुरू होऊन अर्धीच रॅम दाखवत असेल तर त्या पिना रॅमच्या एका वाटेच्या आहेत. पीसी एका पट्टीवर चालेल, पण तोवर प्रोसेसर पुन्हा पुन्हा काढू-घालू नका. बोर्ड सेवा केंद्राकडे पाठवताना सॉकेटवर त्याचं काळं प्लास्टिकचं झाकण लावायला विसरू नका.